सूर्याची जमाबंदी

महसूल खात्याच्या चाकरीत एकतीस वर्षे घालवून अव्वल कारकुनाच्या पदावरून मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा ह्या पृथ्वीतलावरील यच्चयावत करपात्र वस्तूंशी आपला परिचय पुरता झाला आहे, असा माझा एक सात्त्विक गैरसमज होता. शेतसारा, बिनशेती आकार, वाळूचे स्वामित्वधन, करमणूक कर अशा नाना वसुल्यांच्या खतावण्या मी स्वहस्ते लिहिल्या. परंतु ज्या सूर्याच्या तापाने मानेवर ओला पंचा टाकून सोलापुरातल्या कचेरीच्या पत्र्याखाली मी त्या लिहीत असे, त्या सूर्याकडूनही काही वसूल करता येते ही कल्पना मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तीही इंग्लंडातील लीड्स ह्या शहरी, जेथे सूर्य हा खातेदार म्हणून कमालीचा बेभरवशाचा समजला जातो, तेथे प्रथम सुचविण्यात आली.

सुचविणारे आमचे चिरंजीव. २०२२ सालच्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे चार महिन्यांच्या मुक्कामाला गेलो, तेव्हा विमानतळावरून घरी पोहोचताच, चहाच्याही आधी, त्याने आम्हांला घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभी असलेली एक पांढरी, लांबोडकी, उंच आणि कुशीला एकही खिडकी नसलेली गाडी मोठ्या अभिमानाने दाखविली. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, पदर सावरला आणि हलक्या आवाजात विचारले, "कुणाकडं काय झालं रे?" ती शववाहिका नसून नऊ वर्षे घरोघर पार्सले पोहोचवून निवृत्त झालेली व्हॅन आहे, आणि तिच्या पोटात पलंग, ओटा, फ्रिज व दिवे बसवून आपण तिचे फिरते घर करणार आहोत, हे त्यांना पटवून देण्यात चहा निवून गेला. गाडीविषयी मला मात्र तत्काळ आपुलकी वाटली. ती आणि मी, दोघेही निवृत्त; फरक इतकाच, की तिला निवृत्तीनंतर नवे काम लावण्यात आले होते, आणि मला अद्याप लावायचे होते.

नोंदणीच्या कागदावर तिचा प्रकार 'पॅनेल व्हॅन' असा लिहिलेला होता. इकडे बिनखिडक्यांच्या मालवाहू गाडीस असे म्हणतात. तो शेरा बदलून 'मोटर कॅराव्हॅन' असा करून हवा असेल, तर गाडी नुसती आतून घर असून भागत नाही, ती बाहेरूनही तशी दिसली पाहिजे. कुशीला खिडक्या हव्यात, छत उंच हवे, छज्ज्याची दांडी हवी आणि दोन्ही अंगांना सहलीच्या गाड्यांवर असते तशी नक्षीही हवी. घरात माणूस राहतो किंवा नाही हे न पाहता ओसरीवर रांगोळी आहे किंवा नाही एवढेच पाहून अहवाल देणारा कारकून मला परका नव्हता. सातासमुद्रापलीकडे आपली जात भेटल्याचा आनंद मात्र झाला. छतावर सौर पॅनेले बसविण्याचा बेत चिरंजीवांनी सांगितला, तेव्हा मी एवढेच म्हणालो, की तसे झाल्यावर कागदावरचा जुना शेराच खरा ठरेल. मग बदलायचा कशाला? तो हसला नाही. परदेशी गेलेल्या मुलांना वडिलांच्या कोट्या पोहोचायला विलंब लागतो.

त्याला हवे होते ते विजेच्या जाळ्यापासून स्वातंत्र्य. ह्यालाच इकडे 'ऑफ-ग्रिड' म्हणतात. एरवी सहलीच्या तळावर गाडी लावायची तर तेथल्या खांबाला वायर जोडून, वेगळे पैसे मोजून वीज घ्यावी लागते. त्याऐवजी डोंगरात, माळावर, जेथे खांब नाही अशा ठिकाणी आपल्या छतावर आपली वीज पिकवायची, आणि कोणाच्याही मिंधेपणाशिवाय पंखा, दिवा आणि फ्रिज चालवायचा. हे ऐकून माझ्या मनात जे आले ते मी बोललो नाही. भारनियमनाच्या काळात आमच्या जिल्ह्यातील खेडीच्या खेडी दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास जाळ्याबाहेर राहिली होती. परंतु ह्या अवस्थेला पर्यटन म्हणतात आणि तिच्यासाठी दोन लाख रुपयांचे साहित्य विकत घ्यावे लागते, ह्याची आम्हांला कोणी जाणीव करून दिली नव्हती.

असो. अंदाजपत्रकापासून सुरुवात करावी हा माझा आग्रह मात्र मान्य झाला, आणि नातीच्या जुन्या वहीचे उरलेले कोरे पान घेऊन मी ताळेबंदास बसलो. खर्चाची बाजू प्रथम. छोटा फ्रिज चालू असताना पंचेचाळीस वॅट घेतो, पण दिवसातून निम्मा वेळच धडधडतो. म्हणजे अहोरात्रीचे सुमारे पाचशे वॅट-तास. दिवे किरकोळ, पन्नास. मोबाइल आणि चिरंजीवांचा लॅपटॉप मिळून दीडशे. छताचा पंखा शंभर. एकूण आठशे. ह्यावर सौभाग्यवतींनी मिक्सरची पुरवणी मागणी मांडली, कारण खोबऱ्याच्या चटणीशिवाय त्यांना सहल ही शिक्षा वाटते. आणि मिक्सरचा राक्षसी आवाज ऐकून मी ती नामंजूर करणार होतो. परंतु हिशेब करता असे दिसून आले, की पाचशे वॅटचा हा मिक्सर पाच मिनिटे गर्जला तरी खातो ते सगळे मिळून चाळीसएक वॅट-तास. आणि कोपऱ्यात साधूसारखा मौन धरून बसलेला फ्रिज एकटा पाचशे गट्ट करतो. कचेरीतही हाच अनुभव. जो आरडाओरडा करतो त्याच्या प्रवासभत्त्याची फाईल पातळ असते.

खरा तंटा झाला तो केटलवरून. तीन हजार वॅटची विजेची केटल ही इंग्रजांची कुलदेवता होय. १९९० साली जुलै महिन्यात विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरले, आणि तो क्षण संपताच शोकाकुल राष्ट्र उठून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा देशाची विजेची मागणी एकाएकी अठ्ठावीसशे मेगावॅटने चढली होती. आपला अवघा कोयना प्रकल्प, सर्व टप्पे मिळून, एकोणीसशे साठ मेगावॅटचा. म्हणजे आपले कोयनामाईचे सगळे पाणी एकदम सोडले असते, तरी इंग्रजांच्या त्या एका दुःखाला पुरले नसते. सूनबाईंना ही केटल गाडीत हवी होती. वास्तविक लिटरभर पाणी उकळायला वीज लागते ती शंभरएक वॅट-तास, म्हणजे काही फार नव्हे; केटलचा दोष एवढाच, की ती सावकारासारखी सगळी रक्कम एकरकमी, उंबरठ्यावर उभी राहून मागते. घरच्या दोनशे तीस व्होल्टच्या वाहिनीला तेरा अँपियर देणे जड नाही; बारा व्होल्टच्या बॅटरीला मात्र तीच शक्ती पुरवायची तर अडीचशे अँपियर द्यावे लागतील, आणि तेवढ्या प्रवाहाला अंगठ्याएवढी जाड तांब्याची तार लागेल. चहा गॅसवरच करायचा, असा ठराव तीन विरुद्ध एक मतांनी संमत झाला. नात तटस्थ राहिली.

आता जमेची बाजू. चिरंजीवांनी आणलेली पॅनेले दोन, प्रत्येकी एकशे पंचाहत्तर वॅटची. "म्हणजे साडेतीनशे वॅट, अण्णा," तो म्हणाला. मी विचारले, की हे साडेतीनशे कोणी, केव्हा आणि कोठे मोजले? चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे: प्रयोगशाळेत, दर चौरस मीटरला एक हजार वॅट इतका प्रकाश पाडून, आणि पॅनेलमधील पेशींचे तापमान पंचवीस अंशांवर राखून हा आकडा काढलेला असतो. हे ऐकताच मला सगळे उमगले. हा कागदोपत्री आकार झाला. प्रत्यक्ष उत्पन्न ठरवायचे तर पैसेवारी काढली पाहिजे. आमच्याकडे पीक उभे असताना शेतात जाऊन, निवडक तुकड्यातील कापणी तोलून, रुपयात किती पैसे पीक आले हे ठरवितात, आणि ते पन्नास पैशांच्या आत आले की गावात टंचाई आहे असे सरकार मान्य करते. लीड्सच्या एका सामान्य ढगाळ दुपारी मी पॅनेलांची पैसेवारी काढली, ती सतरा पैसे आली. म्हणजे ह्या संपूर्ण परगण्यात उन्हाचा दुष्काळ जाहीर होण्यास काहीच प्रत्यवाय नव्हता.

दात आहेत तेथे चणे नाहीत, आणि चणे आहेत तेथे दात नाहीत, असे म्हणतात ते खोटे नव्हे. हजार वॅटचे रणरणते ऊन सोलापुरात फुकट मिळते. तेथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य बरोबर टाळूवर येतो आणि माणसाची सावलीसुद्धा त्याच्या पायाखाली आश्रय घेते. परंतु तेथे उन्हात ठेवलेल्या पॅनेलच्या पेशी पासष्ट अंशांपर्यंत तापतात, आणि पंचविसाच्या वर चढलेल्या प्रत्येक अंशामागे त्यांचे उत्पन्न शेकडा सुमारे शून्य दशांश चारने उतरते. म्हणजे शेकडा सोळा ही नुसती उन्हाने केलेली उन्हाची चोरी. लीड्सला पंचवीस अंशांची अट निसर्ग आपण होऊन पाळतो, किंबहुना पंचविसापर्यंत चढण्याची तसदीच घेत नाही. पण ऊन कोठे आहे? येथे जून महिन्यात सूर्य दुपारी कसाबसा साठ अंश चढतो, आणि डिसेंबरात तर क्षितिजावर तेरा अंशही वर न येता, रजेचा अर्ज देऊन पावणेचारच्या सुमारास काढता पाय घेतो. गाडीच्या छतावर पॅनेल सपाट निजलेले असल्यामुळे ते तिरपे किरण त्याच्या अंगावरून घसरून शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात. जूनमध्ये जे पिकते त्याचा जेमतेम दहावा हिस्सा डिसेंबरात हाती लागतो, असे चिरंजीवांनीच कबूल केले. अशा खातेदाराच्या भरवशावर मी माझ्या नोकरीत चहा देखील मागविला नसता.

ह्या विद्येचा आद्य पुरुष एक फ्रेंच तरुण होता, एडमाँ बेकरेल. १८३९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करताना, प्रकाश पडला असता वीज उत्पन्न होते हे त्याच्या ध्यानी आले. पुढे ११५ वर्षांनी, १९५४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनची पहिली कामाची सौर पेशी तयार झाली. तिला पडलेल्या प्रकाशातील शेकडा सहा हिस्साच विजेत वळविता येत होता. मला ह्यातील वडिलांची प्रयोगशाळा तेवढी लक्षात राहिली. येथे प्रयोग चिरंजीवांचा होता, आणि वडील शिडी धरून उभे होते.

शिडी धरणे हे बाह्यतः क्षुद्र दिसणारे काम मी सलग चार शनिवार-रविवार केले. सोबत टॉर्च धरणे, स्क्रू मोजणे आणि 'अण्णा, ते द्या' असे म्हटल्यावर ते म्हणजे काय हे ओळखणे, ही पोटकामे. आमचे शेजारी, ऐंशीच्या घरातले, यॉर्कशायरच्या कोळशाच्या खाणींत उभी हयात गेलेले एक मितभाषी गृहस्थ, कुंपणाला टेकून हा सोहळा रोज पाहत. त्या प्रांतातील, नव्हे अवघ्या देशातील, शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. तेव्हापासून त्यांना पाहण्यासारखे फारसे काही उरले नसावे. दुसऱ्या रविवारी ते प्रथमच बोलले. म्हणाले, "मी जन्मभर खालून काढलं. तुम्ही वरून काढा." मला त्यांचा फार आदर वाटला. कोळसा म्हणजे तरी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उन्हाची झाडांच्या रूपाने जमिनीत तुंबलेली थकबाकीच. त्यांनी ती बिचाऱ्यांनी कुदळीने वसूल केली, आणि आम्ही चालू सालच्या वसुलीला शिडी लावून चढत होतो.

पॅनेले छताला ठोकायची नव्हती, चिकटवायची होती. प्रत्येक पॅनेलच्या चारी कोपऱ्यांना प्लास्टिकच्या जाड बैठका, त्यांच्या तळाला काळ्या पॉलियुरेथेनचा लेप, आणि खाली वारा खेळता राहील एवढी फट. कारण पॅनेल थंड राहिले तर चार दाणे अधिक पिकते. तो काळा लेप बोटाला लागला तर ऐकत नाही. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखापासून कातडीपर्यंत, त्याची अशी एक उभी रेघ उमटली, की निवडणुकीच्या कामावर ज्याने शेकडो बोटांना शाई लावली, तो मी परदेशात मतदान करून आल्यासारखा आठ दिवस हिंडलो.

एक भोक मात्र पाडावेच लागणार होते; पॅनेलची तार छतातून आत उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हते. आमच्याकडे मृगाच्या आधी माणूस छतावर चढतो तो भोके बुजविण्यासाठी, डांबराचा डबा घेऊन. आणि बाराही महिने मृग असलेल्या ह्या देशात माझा सुविद्य मुलगा, अखंड, निर्दोष, एक थेंबही न गळणाऱ्या पत्र्याला स्वखुशीने भोक पाडण्यास निघाला होता. सौभाग्यवतींनी नारळ, हळदकुंकू आणि एक लिंबू ह्यांनिशी गाडीची पूजा उरकून घेतली होती, तरीही त्या ऐन वेळी घरात निघून गेल्या. चिरंजीवांनी पत्र्यावर कागदी पट्टी चिकटविली, पेन्सिलीने फुली काढली, तीनदा आत जाऊन खालून मोजले, तीनदा वर येऊन वरून मोजले, आणि मग दात असलेल्या गोल पात्याचे यंत्र त्या फुलीवर टेकवून माझ्याकडे असे पाहिले, की मला त्याच्या मुंजीतला त्याचा चेहरा आठवला. यंत्र किंचाळले. लोखंडाचा बारीक कीस उडून माझ्या चष्म्यावर आला. आणि रुपयाच्या नाण्याएवढी एक गरम चकती टणत्कार करीत आत पडली, ती नातीने उचलली आणि अजून तिच्या खेळण्यांत आहे. कापलेल्या कडेला लगेच गंजरोधक रंग लावण्यात आला. परंतु कीस चुंबकाने वेचून काढायचा असतो, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. रात्रभर पडलेल्या दवाने त्या एकेका कणाचा गंज होऊन सगळ्या पांढऱ्या छतावर, जणू आदल्या दिवशीच्या पूजेतले कुंकू सांडावे, तसे तांबूस ठिपके उमटले होते. "बघा, देवी प्रसन्न झाली," असे सौभाग्यवती म्हणाल्या. चिरंजीव अर्धा दिवस ते प्रसन्नपण घासत बसले.

आता जोडणी. सौर पॅनेलाला बटन नसते, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटली. उजेड पडला की ते वीज देऊ लागते. त्याला 'थांब' म्हणण्याची सोय नाही. म्हणून तारा जोडताना त्याच्यावर काहीतरी जाड, अपारदर्शक झाकावे, आधी बॅटरी, तिच्या आणि पॅनेलच्या मध्ये बसणाऱ्या नियंत्रकाला जोडावी आणि मगच पॅनेल, असा शास्त्रार्थ आहे. घरात शोधाशोध झाली. इकडच्या चादरी म्हणजे जाळीदार, नाजूक, स्वतःच उजेडाला आवतण देणाऱ्या. अखेरीस सौभाग्यवतींनी, कोणाला तरी भेट देण्यासाठी सोलापूरहून आणलेली, मोरांच्या वेलबुट्टीची, लाल-निळी, अस्सल सोलापुरी चादर ट्रंकेतून काढून दिली. दोन्ही पॅनेलांना ती एकच बरोबर पुरली. वारा होता म्हणून चारी कोपरे सुतळीने बैठकांना बांधले. १९३० सालच्या मे महिन्यात आमच्या गावाने तीन दिवस इंग्रजांचा अंमल मोडीत काढला होता, आणि त्याबद्दल लष्करी कायदा सोसला होता. ब्याण्णव वर्षांनंतर त्याच गावच्या चादरीने इंग्रजांच्या मायभूमीत त्यांचा सूर्य बंद केला, आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

तो जूनमधला रविवार होता, आणि ऊन असे, की शेजारच्या म्हाताऱ्यांनी स्वेटर काढून कुंपणावर ठेवला होता. चिरंजीवांनी बॅटरी जोडली. पॅनेलच्या तारा एकमेकींत कट्ट आवाज करून बसल्या. नियंत्रकावर हिरवा दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजविल्या, आणि मग मोबाइलवर आकडा आला: व्होल्ट तेहतीस, अँपियर शून्य.

पुढील अडीच तासांचे वर्णन मी पंचनाम्याच्या पद्धतीने करतो. चिरंजीवांनी फ्यूज काढून पाहिला. तो शाबूत होता. दुसरा घातला. तारांची टोके सोडून पुन्हा दाबली. मीटर लावून पाहिला. मीटरनेही तेच सांगितले, म्हणून मीटर खोटा ठरविण्यात आला व शेजाऱ्यांचा मागविण्यात आला. तोही फितूर निघाला. मग नियंत्रकाची पाळी आली. त्याची माहितीपुस्तिका चौदा भाषांत होती व चौदाही भाषांत ती निर्दोषत्वाचा दावा करीत होती. व्होल्ट आहेत पण अँपियर नाहीत, ह्या स्थितीचे शास्त्रीय कारण चिरंजीव शोधीत होते. मला मात्र ती स्थिती चांगलीच परिचयाची होती. पद आहे, खुर्ची आहे, दारावर पाटी आहे, आणि सहीचा अधिकार तेवढा नाही, असे कित्येक साहेब मी पाहिले होते. मी तसे म्हणालोदेखील. "अण्णा, प्लीज," एवढेच उत्तर आले.

चौथ्या प्रहरी सूनबाईंनी जेवणासाठी तिसरी हाक मारली, आणि तिच्यापाठोपाठ माडीवरच्या निजायच्या खोलीच्या खिडकीतून सौभाग्यवतींचा आवाज आला. "अहो," त्या म्हणाल्या, "माझी चादर दिवसभर उन्हात ठेवलीत. रंग जाईल की तिचा."

आम्ही वर पाहिले. खालून छत दिसत नाही. गाडी पुरुषभर उंचीहूनही उंच, आणि शिडी मी स्वतः, व्यवस्थितपणाच्या सवयीने, काम झाल्याबरोबर घडी करून भिंतीशी ठेवली होती. चिरंजीव काही बोलले नाहीत. मी शिडी आणली, धरली. ते वर गेले. सुतळीच्या गाठी सुटता सुटेनात, कारण त्या माझ्या होत्या व दफ्तर बांधण्याच्या पद्धतीच्या होत्या. चादरीच्या विणीतून झिरपणाऱ्या उजेडाने व्होल्ट तेवढे उभे राहत होते, प्रवाहाला मात्र काही मिळत नव्हते, असा त्याचा शास्त्रीय उलगडा मागाहून झाला. चादर ओढताक्षणी मोबाइलवर दोनशे एक्केचाळीस वॅटचा आकडा आला. कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले, की आपल्याला वाटले होते, ही तुमच्याकडची काही धार्मिक पद्धत असेल, म्हणून आपण मध्ये बोललो नाही.

त्या दिवसापासून मी रोजकीर्द घातली. रोज रात्री आठ वाजता दिवसाची जमा, खर्च आणि बॅटरीतील शिल्लक. शेरा असल्यास शेरा. घरातली माणसे सकाळी उठून एकमेकांची प्रकृती न विचारता बॅटरीची शिल्लक विचारू लागली. नातीने दूध अर्धे टाकले, तेव्हा तिची आई "अठ्ठ्याहत्तर टक्केच आहे!" असे तिच्यावर ओरडली, दुधाशी त्याचा काय संबंध हे त्या पोरीला कळले नाही, पण धाक बसला. यॉर्कशायर डेल्सच्या हिरव्या टेकड्यांत आम्ही तीन वेळा मुक्कामाला गेलो. तेथे एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या माळावर गाडी लावली, तेव्हा एक सुरेख, विस्तीर्ण वृक्ष समोर असताना चिरंजीवांनी त्याच्याकडे शत्रूच्या किल्ल्याकडे पाहावे तसे पाहिले आणि गाडी त्याच्या सावलीपासून शक्य तितकी दूर नेली. पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली, तरी पेशी एका माळेत ओवलेल्या असल्यामुळे सबंध माळेचे उत्पन्न कोसळते. म्हणून गाडी उन्हात, आम्ही झाडाखाली, आणि फ्रिजमधले ताक आणण्यासाठी शंभर पावले चालून जायचे, अशी वहिवाट पडली. दुपारी सूर्य हलला की चिरंजीव गाडी हलवीत. तिसऱ्यांदा हलविताना ओट्यावरची आमटी सांडली. त्या आमटीत गेलेली वीज शून्य असल्याने मी तिची नोंद घेतली नाही. सौभाग्यवतींनी मात्र ती अद्यापि मनात लिहून ठेविली आहे.

आणि मग १९ जुलै उजाडला. त्या दिवशी लिंकनशायरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. ह्या देशाच्या इतिहासात पारा प्रथमच चाळिसाच्या पार गेला. हवामान खात्याने उष्म्याचा लाल इशारा देण्याची तीही पहिलीच वेळ. रेल्वेने लोकांना प्रवास करू नका म्हणून विनविले, शेजाऱ्यांनी पडदे ओढून घेतले, आणि सूनबाईंनी आम्हां म्हाताऱ्यांना घराबाहेर न पडण्याची सक्त ताकीद दिली. सोलापुरात चैत्राच्या अशा दिवशी लग्नाच्या वराती निघतात, हे मी सांगू गेलो, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. सकाळी अकराला चिरंजीव मोबाइल घेऊन आले. एवढ्या लखलखीत उन्हात पॅनेले तापून आकडा अपेक्षेच्या खालीच अडकला होता, आणि हा सोलापुरी अनुभव त्यांना घरबसल्या येत असल्याचे पाहून मला मनातून बरे वाटले.

सौभाग्यवती मागच्या दाराशी उभ्या होत्या. अडीच महिने त्या ह्याच दिवसाची वाट पाहत होत्या, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या हातात परात होती; परातीत सकाळीच शिजविलेला साबुदाण्याचा चीक; आणि काखेला धुवट लुगड्याचा तुकडा. अंगणातल्या गवताकडे त्यांनी तुच्छतेने पाहिले, मग मान वर करून गाडीकडे पाहिले, आणि विचारले, "ते वरचं काळं, तापतं ना रे चांगलं?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. सावली, माळ, पेशी, तूट, हे सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक सरकून गेले. मी शिडी आणून लावली आणि धरली. संध्याकाळी आठ वाजता रोजकीर्दीत त्या तारखेपुढे लिहिले: जमा, सातशे दहा वॅट-तास, तूट, निम्मी, कारण, पॅनेल क्रमांक दोन हे सकाळी साडेअकरापासून वाळवणाकडे वर्ग करण्यात आले, उत्पन्न, पापड एकशे बारा, पैकी चार नातीने ओलेच खाल्ले.